गार खोलीतली झळ

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीच्या तळघरात एक खोली होती, तिला सगळे गार खोली म्हणत. खरं तर ती गार नव्हती, फक्त बारा महिने एकसारखी असायची. भिंती जाडजूड, खिडकी एकच आणि तीही छताला टेकलेली, दारं मात्र दोन, एकामागे एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा दंडक होता. मधोमध दगडी ओटा, ओट्यावर काचेची पेटी आणि पेटीत काटा. म्हणजे तराजूच, पण तराजू म्हटलेलं काटेबाईंना खपत नसे. तराजू भाजीवालीकडे असतो, असं त्या म्हणायच्या.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. ऐन उमेदीत त्या या खोलीत शिकायला आल्या, शिकवणारे थोरले मास्तर निवृत्त झाले, मग वारले, आणि ओट्यासमोरचं स्टूल बाईंचं झालं. बाजारातलं प्रत्येक वजन कुठल्या तरी अधिक नेमक्या वजनाशी ताडलेलं असतं, ते त्याहून नेमक्याशी, आणि असं वर वर जात सगळ्यांचा न्याय शेवटी या खोलीत होतो. इथे काट्याने मान डोलावली की बाजाराने डोलवायची.

आणि हाच काटा बिघडला.

बिघाडही कसा, तर विचित्र. वजन ठेवावं, पेटी लावावी, श्वास आवरून बसावं. काटा डोलत डोलत थांबायचा. आता थांबला म्हणून बाई आकडा टिपायला जाणार, तोच तो चोरपावलांनी एका बाजूला सरकायचा. जरा वेळाने शहाण्या मुलासारखा आपल्या जागी परत. दिवसातून कितीदा तरी हाच खेळ.

कचेरीचे साहेब हबकले. हबकायचं कारणही तसंच होतं. दोन-तीन महिन्यांत फिरतं वजन येणार होतं. हे वजन एका मोहोरबंद पेटीतून गावोगावच्या अशा खोल्यांमधून फिरतं. प्रत्येकाने ते तोलायचं आणि आपलं उत्तर बंद पाकिटात पाठवायचं. उत्तर जुळलं तर कचेरीचा शिक्का चालतो, नाही जुळलं तर अब्रू जाते. मागच्या फेरीला तोलायला मास्तर होते आणि बाई नुसत्या शेजारी उभ्या होत्या. पुढची फेरी येईपर्यंत बाई निवृत्त झालेल्या असणार. म्हणजे ही एकच फेरी त्यांच्या वाट्याची होती.

साहेबांनी मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने काटा उघडला, काट्याची दांडी जिच्यावर तोलते ती पोलादी धार भिंगाखाली पाहिली, दोऱ्याएवढा केरही नाही म्हणाला आणि काटा पुन्हा बसवून गेला. मग साहेबांना शेजारच्या छापखान्याचा संशय आला. त्यांच्या यंत्राने जमीन हादरत असेल. हातापाया पडून छापखाना अर्धा दिवस बंद ठेवला. काटा त्या अर्ध्या दिवसात नेहमीपेक्षा जास्त सरकला. उंदीर, पाण्याचा पंप, रस्त्यावरचे ट्रक, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

या सगळ्या गडबडीत बाईंच्या दुखण्याचा विषय कोणीच काढत नव्हतं. त्यांना तेच हवं होतं. डाव्या स्तनात गाठ निघाली होती, शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन झालं, आणि त्या कामावर परत आल्या होत्या. कोणी विचारलंच तर "बरंय की" एवढं एकच उत्तर.

रेडिएशनला जायची सुरुवातीला भीती वाटली होती, पण बाईंची भीती फार काळ टिकत नसे. तिला चौकसपणा मधेच आडवा यायचा. पहिल्याच दिवशी यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन निजल्या निजल्या त्यांनी यंत्रावरच्या मुलीला विचारलं, "सकाळी पहिल्यांदा हे कोणावर चालवून बघता?"

"माणसावर नाही हो, प्लास्टिकच्या ठोकळ्यावर. रोज बघतो."

"रोज? आणि फरक निघाला तर?"

"तर दुरुस्त होईपर्यंत कोणालाच आत घेत नाही."

"मग हरकत नाही. करा सुरू."

छातीवर गोंदलेले काळे ठिपके त्यांनी आरशात निरखून पाहिले. हे त्यांच्या ओळखीचं होतं. खूण केल्याशिवाय कुठलंही माप दुसऱ्या दिवशी त्याच जागी लागत नाही. श्वास भरून धरायला सांगत, म्हणजे हृदय किरणांच्या वाटेतून जरा बाजूला राहतं. पडद्यावर श्वासाची रेघ दिसायची. ती मुलगी एकदा म्हणाली, "तुमची रेघ जराही हलत नाही." काट्यासमोर श्वास आवरण्यातच ज्यांचा जन्म गेला, त्यांना याहून मोठी शाबासकी कोण देणार?

कातडीने मात्र शाबासकी दिली नाही. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत ती आधी लाल झाली, मग काळवंडली, मग सोलली. दवाखान्याने दिलेलं मलम तेवढं लावायचं, सैल सुती कपडे घालायचे, साबणाने घासायचं नाही. आणि थकवा तर असा, की जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून घ्यावं लागे. किरणं थांबल्यावरही तो कितीतरी दिवस मुक्कामाला राहिला, पाहुण्याने निघतो निघतो म्हणत बसून राहावं तसा.

घरी होत्या वन्सं. म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. भावाच्या पश्चात आपली वहिनी एकटी राहील म्हणून वन्सं चार दिवसांसाठी आल्या, त्या आल्याच. वन्सं शाळेत कवायत शिकवायच्या. शाळा सुटली तरी कवायत सुटली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर बाईंचा हात वर जाईना, तेव्हा वन्संनी त्यांना भिंतीपाशी उभं करून बोटं भिंतीवरून चढवायला लावली. "वर! अजून वर! भिंत काय चावते का?" दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आणि एकीचं दुसरीवाचून पान हलत नव्हतं.

रेडिएशननंतर हार्मोनची गोळी सुरू झाली. रोज एक, चांगली पाच वर्षं. गाठीला खतपाणी घालणारं हार्मोन शरीरात तयार होऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. वन्सं रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. गोळीने आपला इंगा दाखवला. सकाळी बोटं आखडलेली असत, चिमट्यात बारीक वजन धरायचं म्हणजे परीक्षा. आणि अधूनमधून छातीतून एक झळ उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, घाम फुटायचा आणि मग थंडी वाजायची. बाई रुमालाने मान पुसायच्या आणि "बरंय की" म्हणायच्या.

तर काटा. सगळे हरल्यावर बाईंनी तो तपास आपल्या पद्धतीने हाती घेतला. त्यांची पद्धत साधी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे. आधी दिवा बदलला. काटा सरकला. स्टूल बदललं. सरकला. चपला बाहेर काढल्या, चष्मा बदलला, केसांतल्या पिना काढल्या, तरी सरकला. खोलीत बदलण्यासारखं काही उरेना. तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं की एक वस्तू अजून उरली आहे आणि ती स्टुलावर बसली आहे.

त्यांनी साहेबांना बोलावलं. "साहेब, जरा इथे बसा."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"काही कळायला नको. नुसतं बसायचं."

साहेब बसले. देह भारदस्त, श्वास घोड्यासारखा. बाई आतल्या दाराच्या गोल काचेतून बघत राहिल्या. साहेबांचा डोळा लागला, पण काटा हलला नाही.

मग साहेबांना वर पाठवून बाई बसल्या. काटा थांबला. बराच वेळ थांबला. मग हळूच सरकला. बाई म्हणाल्या, "हा बघ, निघाला," आणि त्यानंतर, काटा निघून गेल्यावर, छातीत झळ उठली.

आधी काटा, मग झळ. बाई खुळ्यासारख्या बघत राहिल्या. घाम कानामागून ओघळत होता आणि त्यांना इतका आनंद झाला होता की विचारू नका. पुन्हा बसल्या, पुन्हा तेच. अंगातून निघालेली ऊब काचेशी पोहोचत होती, पेटीतली हवा चाळवत होती आणि काट्याला ते त्यांच्याआधी समजत होतं. "अगं बाई," त्या काट्याला म्हणाल्या, "तुला माझ्याआधी कळतं?" जगापासून जे रुमालात लपवलं, ते याच्यापासून लपलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना हसू आवरेना.

हसू ओसरल्यावर त्यांनी पुढचा हिशेब मांडला. हे साहेबांना सांगायचं म्हणजे फिरतं वजन दुसऱ्याच्या हाती गेलं. साहेब बाहेरून माणूस मागवतील आणि बाईंना विश्रांती घ्या म्हणतील.

"काही सापडलं का?" बाई वर गेल्यावर साहेबांनी विचारलं.

"अजून नक्की नाही," बाई म्हणाल्या. त्या कचेरीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वन्संना सांगितलं, रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही, कचेरीत खाणं झालं की घेईन. वन्संनी विश्वास ठेवला. बाईंच्या खणात वजनांची एक जुनी लाकडी पेटी होती, आत मखमल आणि प्रत्येक वजनासाठी वेगळा खळगा. बरीचशी वजनं केव्हाच बाद झाली होती. त्या रिकाम्या खळग्यांत गोळ्या जाऊ लागल्या. फिरतं वजन येऊन जाईपर्यंतच, बाई स्वतःला सांगत. एवढ्याशाने काय बिघडतं?

हळूहळू झळा विरळ झाल्या. बोटंही सैल पडली. काटा थांबायचा तो थांबूनच राहायचा. साहेब खूश. "मिस्त्रीच्या हाताला गुण आहे हो," ते ज्याला त्याला सांगत सुटले.

अशात एक दिवस निरीक्षकांनी पकडलेलं एक वजन तपासायला आलं. वरून शिक्का लखलखीत. बुडाशी मात्र कोरून पोकळ केलेलं आणि वर मेण भरून रंगवलेलं. अशी वजनं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. ती बघितली की त्यांचं डोकं फिरायचं. मापात पाप करणाऱ्याला त्यांच्या लेखी क्षमा नव्हती.

"दुकानदार काय म्हणाला?" त्यांनी निरीक्षकांना विचारलं.

"काय म्हणणार? म्हणे एवढ्याशाने कोणाचं काय बिघडतं."

निरीक्षक गेले. बाईंनी ते वजन काट्यावर ठेवलं, तूट टिपली, वजन उतरवलं आणि तशाच बसून राहिल्या. काटा मधोमध उभा होता. एवढा स्थिर काटा पाहण्यासाठी त्यांनी जन्मभर जिवाचं रान केलं होतं, आणि आज त्यांना त्याची भीती वाटली. तो स्थिर होता, कारण बाईंच्या पोटात गोळीच जात नव्हती. दुकानदाराने गिऱ्हाइकाला मापात मारलं होतं. आपण कोणाला मारलं? यंत्रावरच्या त्या मुलीला, जी रोज सकाळी ठोकळा मांडते. भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या वन्संना. आणि स्वतःला तर पुरतंच. बाई खूप घाबरल्या. गाठ सापडली त्या दिवशीही इतक्या घाबरल्या नव्हत्या.

संध्याकाळी वन्सं दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"वन्सं, मी गोळ्या घेत नाहीये."

वन्संचे हात थांबले. "कधीपासून?"

"महिना होत आला."

"अन् मला रोज सांगतेस घेतली म्हणून?"

"हो. तिच्या झळांनी काटा हलतो."

वन्संना आवाज चढवायची सवय होती, पण आवाज चढला नाही. त्या हातातल्या कपड्यांसकट खाटेवर बसल्या. "माझ्या भावाला मी पोहोचवलं," त्या म्हणाल्या. "तुला नाही पोहोचवणार. तेवढी ताकद नाही आता माझ्यात. सांगून ठेवते." आणि मग, "काट्यापायी? त्या मेल्या काट्यापायी?"

बाई वन्संच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वन्संनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "अशा पुष्कळ जणी बंद करतात आणि सांगत नाहीत. तुम्ही सांगितलंत हे चांगलं. झळांवर औषध आहे, बोटांना चालण्याने आणि व्यायामाने उतार पडतो, आणि ही गोळी नाहीच सोसली तर दुसरी आहे. पण आपल्या मनाने बंद करायची नाही."

"एक विचारू? झळ येते म्हणजे गोळी लागू पडते का?"

"तसं काही नाही. काहींना एकही झळ येत नाही, तरी गोळी आपलं काम करते."

"म्हणजे काट्यावरून ते कळणार नाही."

"कुठल्या काट्यावरून?"

बाईंनी सगळं सांगितलं. बाहेर रांग खोळंबली. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा विषय सोडून काट्याच्याच शंका काढल्या, तेव्हा वन्संनी घसा खाकरला.

गोळी पुन्हा सुरू झाली. आता साहेबांना सांगणं भाग होतं. बाईंनी त्यांना गार खोलीतच नेलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की स्तनाचा कॅन्सर, त्याची गोळी, गोळीच्या झळा, आणि झळांनी हलणारा काटा. स्तन हा शब्द ऐकताच साहेबांनी जी नजर वर छताकडे लावली, ती खाली घ्यायलाच तयार नाहीत. बाईंना कळेना, हे बघतायत तरी काय. त्यांनीही वर पाहिलं.

वर खिडकीशेजारी एक लांबलचक पितळी दांडी टांगलेली होती. मास्तरांच्या काळापासून होती. तिने खिडकीची कडी काढायची आणि जमलंच तर जळमटं. दांडीच्या टोकाला एक छोटं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचा आकडा, होतं. कडी काढायला दुबेळकं कशाला लागतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणाला पडला नव्हता, बाईंनाही नाही.

"साहेब, ती काढा."

दुबेळकं वजनाच्या मानेत अलगद बसलं. मग बाई आतल्या दाराशी गेल्या. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीत एक भोक होतं. उंदीर येतात म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने त्यात बोळा कोंबला होता. बोळा काढला. दांडी भोकातून आरपार गेली आणि थेट ओट्यापर्यंत पोहोचली. वर गोल काच होतीच. मास्तरांच्या कपाटातून छोटी दुर्बीणही निघाली. मास्तर नेहमी म्हणत, "माणूस म्हणजे चालती शेगडी." ते कचेरीतल्या लोकांच्या स्वभावाबद्दल बोलतात, असंच बाईंना वाटायचं. ते काट्याबद्दल बोलत होते. त्यांच्या तरुणपणी सगळेच दोन दारांच्या मधे बसून तोलत असणार. पुढे घाई वाढली, माणसं आत जाऊन बसू लागली आणि दांडी जळमटांना लागली.

फिरतं वजन आलं, तेव्हा बाई दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसल्या. औषधाने झळा कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. झळ यायची, बाई लालबुंद व्हायच्या, दुर्बिणीची काच धुरकटायची, ती पुसायची आणि पुन्हा डोळा लावायचा. बोटं दुखली की दांडी टेकवून मुठी उघडमीट करायच्या. आत काट्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पाकीट गेलं, यथावकाश उत्तर जुळल्याचं कळलं. साहेबांनी त्याचं श्रेय मिस्त्रीला दिलं नाही, एवढी प्रगती झाली.

घरी मात्र वन्संचा विश्वास उडाला तो उडालाच. सकाळी गोळी दिली की त्या बाईंना आ करायला लावायच्या, जीभ उचलायला लावायच्या. बाई निमूट ऐकायच्या. आपणच पोकळ वजन चालवलं होतं, आता तपासणी होणारच. पण वन्संची झोप उडाली होती, आणि ते बाईंना बघवेना.

एका सुटीच्या दिवशी त्यांनी वन्संना गार खोलीत आणलं. वन्संना आतल्या दाराबाहेर गोल काचेशी उभं केलं, दुर्बीण हातात दिली आणि आपण आत स्टुलावर जाऊन बसल्या, पहिल्यासारख्या.

"काय बघू?" वन्संनी भोकातून विचारलं.

"काटा. माझ्याकडे बघू नका."

बराच वेळ काही झालं नाही. वन्सं या पायावरून त्या पायावर होत होत्या. बाई श्वास आवरून बसल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात काट्याची विनवणी करत होत्या, की बाबा, हल.

"हलला!" वन्सं ओरडल्या. "अगं, हलला! सरकतोय!"

"थांबा, आता येईल," बाई म्हणाल्या, आणि झळ आली. छातीतून वर, मानेवरून कानांपर्यंत. कपाळावर घाम डवरला.

बाहेरचं दार नीट लावलेलं नसतानाच आतलं उघडून वन्सं आत आल्या. खोलीचा दंडक मोडला, आणि बाईंनी तो मोडू दिला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, याने गोळी लागू पडते की नाही ते नाही कळत," बाईंनी बजावलं. "पण पोटात जाते, एवढं कळतं."

"तेवढं पुरे मला," वन्सं म्हणाल्या. त्या काट्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांच्या गावीही नव्हतं.

बाईंनी मान पुसायला म्हणून रुमाल काढलाच होता. तो त्यांनी वन्संच्या हातात दिला.